विचारा, सांगते : गिऱ्हाईकाला आधी हाक कोणी मारायची?

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली. एक राजापूर तालुक्यातल्या सुनेचं, एक देवगडच्या बागायतदाराचं आणि एक गुहागरजवळ घरगुती निवास चालवणाऱ्या जोडप्याचं. तिघांचाही माल चांगला, कष्ट प्रामाणिक. अडलंय ते एकाच जागी. गिऱ्हाईकाला आपणहून हाक मारायची वेळ आली की तिघांचाही आवाज फुटत नाही. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, कारण ते वाचताना मला माझीच पहिली मुंबईची फेरी आठवली.

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची आहे, मला ‘तू’च म्हणा. सासूबाई आणि मी कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस), आमसुलं आणि कुळथाचं पीठ करतो. मे महिन्यात ठाण्याला एका प्रदर्शनात तीन दिवस टेबल लावलं होतं. साठेक जणांनी माल नेला, त्यांचे नंबर वहीत आहेत. सासूबाई म्हणतात, फोन कर. पण फोन हातात घेतला की वाटतं, आपण कुणाच्या तरी दारात मागायला उभ्या आहोत. नंबर लावते आणि पहिली रिंग जायच्या आत कट करते. सगळ्यांना एकदम मेसेज पाठवला, तर दोघींनीच उत्तर दिलं. प्रदर्शनातही तेच. शेजारच्या टेबलवरचे दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते आणि मी मान खाली घालून बाटल्या पुसत होते. कुणी भाव विचारला की, “१८० रुपये, पण कमी करून देईन,” असं त्यांनी मागायच्या आधीच तोंडातून जातं. हा स्वभाव बदलतो का?
— एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : स्वभावाचं नंतर बघू. आधी त्या मेसेजचं सांगते, कारण त्याने तुझं मन उगाच खट्टू झालंय. तू व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाठवलास असं मी धरते. त्या यादीतला मेसेज ज्यांनी तुझा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच पोचतो. (एका यादीत २५६ नंबर बसतात, तुला ते भरपूर झाले.) प्रदर्शनातून एक बाटली नेलेल्या बाईने तुझा नंबर कशाला सेव्ह केला असेल? म्हणजे साठातल्या बहुतेकींना तुझा मेसेज मिळालेलाच नसणार. त्यांनी नाही म्हटलं असं तू धरून बसलीस, आणि त्यांना तू विचारलंयस हेच ठाऊक नाही. तेव्हा ते साठ जण तुझ्या हिशेबात अजून कोरेच आहेत.

आता माझं ऐक. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी कुडाळला कोकणकन्येत बसले. दोन पिशव्यांत आमसुलं, फणसपोळी आणि काजूगर. लालबागच्या एका चाळीत आमच्या वाडीतली काही बिऱ्हाडं होती, त्या भरवशावर गेले होते. पण मी चढले तो जिना नेमका चुकीचा, आणि पहिलं दार वाजवलं ते अनोळखी. दार उघडलं त्या बाईंचे हात कोपरापर्यंत पिठाचे. त्यांना बघून मी म्हटलं, “तुम्हाला काही नको असेल ना?”

त्या म्हणाल्या, “नाही हो,” आणि दार लावून घेतलं.

त्यांचं काही चुकलं नाही. मी जे उत्तर त्यांच्या हातात ठेवलं तेच त्यांनी मला परत दिलं. त्या मजल्यावरची सहाही दारं मी हेच वाक्य म्हणत फिरले, आणि जिन्यात बसून रडले. तुझं “पण कमी करून देईन” हे माझ्या त्या वाक्याचं सख्खं भावंड आहे. समोरच्याने नकार द्यायच्या आत आपणच तो देऊन मोकळं व्हायचं, म्हणजे त्याच्या तोंडून ऐकायला नको.

यातून मला बाहेर काढलं ते आमच्या दारावर येणाऱ्या मासेवालीने. गावी परतले त्या आठवड्यात मी ओट्यावर बसून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “मासे घ्यायचे काय?” असं तिने कधीच विचारलं नव्हतं. पाटी खाली उतरवायची, वरचा ओला फडका बाजूला करायचा, एक बांगडा उचलून अंगठ्याने कल्ला उघडून दाखवायचा. आत लालभडक. आणि मग, “वैनी, काल तुमच्याकडे पावणे इल्ले मा? बांगडे ताजे आसत.” काल पाहुणे आले होते हे तिला ठाऊक. आमच्याकडे सोमवारी मासे शिजत नाहीत हेही ठाऊक, त्या दिवशी ती आमचा दगडी गडगा ओलांडतच नसे. मी नको म्हटलं की, “नको तर ऱ्हवांदे, परवा येतंय.” पाटी डोक्यावर, आणि शेजारच्या दारात तोच आवाज, तेवढाच मोठा. माझ्या ‘नको’चा तिच्या पुढच्या हाकेवर काही परिणाम नसायचा. भवानी झाली नसली तरी नाही.

तिचा धीर कुठून येत होता हे मी बरेच दिवस शोधत होते. मला वाटतं, तो त्या कल्ल्यात होता. बांगडा पहाटेचा आहे हे तिला माहीत होतं, आणि ते माहीत असलेल्या माणसाला आवाज चढवावाही लागत नाही आणि उतरवावाही लागत नाही. तू मागायला उभी आहेस असं तुला वाटतं, कारण फोन लावताना तुझ्या डोक्यात पैसे असतात. तिच्या डोक्यात बांगडा होता.

तुझ्या मालातलं तुला किती ठाऊक आहे बघ. आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या ओल्या फळाची साल त्याच्याच रसात बुडवून उन्हात घालायची, सुकली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. तुझ्या सासूबाई किती पुटं देतात ते तुला माहीत आहे, ठाण्याच्या बाईला नाही. आगळ आणि सरबत यांतला फरकही शहरात फार जणींना माहीत नसतो. सरबतात साखर, आगळात मीठ. मला कितीतरी जणींनी सांगितलंय की, “तुमचं सरबत फार खारट लागलं.” त्यांनी आगळ नुसतं थंड पाण्यात घालून मुलांना दिलेलं असतं! हे फोन केल्याशिवाय कळत नाही. फोन केला नाहीस तर ती बाई तुझी बाटली फ्रिजच्या दारात तशीच ठेवून देईल आणि पुढच्या वर्षी तुझ्या टेबलासमोरून न थांबता जाईल.

म्हणून पहिला फोन विकायला करू नकोस. असा कर : “नमस्कार, मी राजापूरहून बोलतेय. मे महिन्यात ठाण्याच्या प्रदर्शनात तुम्ही माझ्याकडून आगळाची बाटली नेली होती. दोन मिनिटं बोलायला वेळ आहे का?” वेळ नसेल तर कधी करू ते विचार आणि त्या वेळेला खरोखर कर. वेळ असेल तर, “सोलकढी केलीत का?” एवढाच प्रश्न. “आवडलं नाही का?” असं विचारू नकोस, ते माझ्या लालबागच्या वाक्यासारखं होईल. केली असेल तर त्या आपणहून बोलतील. केली नसेल तर तू सांग : एका नारळाच्या रसाला चार-पाच चमचे आगळ घाला, रंग गुलाबी आला की थांबा, आगळ मुळातच खारं असतं म्हणून मीठ अगदी शेवटी, चव बघून, आणि गॅसवर ठेवू नका. हे तुझ्याइतकं सहज कुणाला सांगता येणार आहे? बोलता बोलता तुझा आवाज बदलेल, तुझा तुलाच कळेल. मग शेवटी, “या महिनाअखेरीला माझं पार्सल मुंबई-ठाण्याला जाणार आहे, त्यात तुमची बाटली धरू का?” हो किंवा नाही, जे असेल ते वहीत लिही.

वहीला एक रकाना वाढव. नेलं काय हे तू लिहिलंच असशील, त्याच्या पुढे त्या काय बोलल्या ते लिही. मुलीचं लग्न, गुडघेदुखी, नवऱ्याला कुळथाची पिठी आवडते, जे काय असेल ते. मासेवालीच्या डोक्यात जे असतं ते आपल्याला वहीत ठेवावं लागतं. रोज पाचच फोन कर, बारा दिवसांत तुझी वही संपते. सुरुवात जे प्रदर्शनात तुझ्याशी दोन शब्द जास्त बोलले त्यांच्यापासून. सकाळी डब्यांच्या घाईत आणि दुपारी जेवणानंतर नको. अकरा ते बारा किंवा संध्याकाळी चार-साडेचारला. आणि उभी राहून बोल. पाठ ताठ असली की श्वास पुरतो, माझा तरी पुरतो.

‘नको’ दोन तऱ्हेचं असतं. “अजून बाटली आहे हो” हे आत्तापुरतं नको, त्याच्यापुढे दोन महिन्यांनंतरची तारीख टाक. “फोन करू नका” हे कायमचं नको. त्या नावावर तिथल्या तिथे रेघ मार आणि पुन्हा फिरकू नकोस. लोकांना दिवसभर नको ते फोन येतात, म्हणून तर १९०९ वर नोंद करून ते बंद करायची सोय आहे. तू त्यातली नाहीस, हे समोरच्याला पहिल्याच वाक्यात गाव आणि बाटली सांगितल्याने कळतं.

भावाचं सांगते. “१८० रुपये,” म्हण आणि ओठ मिटून घे. पहिल्या पहिल्यांदा ती शांतता फार लांब वाटेल. प्रत्यक्षात समोरची बाई नुसती पर्स शोधत असते. त्याआधी एकदा सासूबाईंना घेऊन बस आणि एका बाटलीचा हिशेब कागदावर मांड : रातांबे, मीठ, बाटली, झाकण, लेबल, कुडाळ-ठाणे असो की राजापूर-ठाणे, जे भाडं पडतं ते, आणि रातांबे फोडायला तुम्ही दोघी बसता त्या दिवसांची मजुरी. मजुरी लिहायला विसरू नकोस, घरोघरी बायका तीच विसरतात. तो आकडा एकदा स्वतःच्या अक्षरात बघितलास की कमी करायला जीभ उचलणार नाही. कुणी चार बाटल्या घेतल्या तर जरूर कमी कर, पण मग ते तू ठरवून केलेलं असेल.

प्रदर्शनात टेबलाच्या मागे खुर्चीवर बसू नकोस. पुढे ये. छोट्या कपात चव दे आणि “काय हवंय?” याच्याऐवजी “घरी सोलकढी कोण करतं?” असं विचार. याचं उत्तर द्यायला माणूस थांबतोच. तुमच्या कोकमात वेगळं काय, असं कुणी विचारलं तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे सांगायला संकोच नको. आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक लेबलवर असू दे. नसेल तर आधी ते काम कर, कारण “लायसन आहे का?” या प्रश्नाला “करतोय” असं उत्तर दिलं की उरलेला सगळा धीर गळून जातो.

फक्त एक करू नकोस. शेजारचे ते दादा कोकमाने वजन उतरतं, साखर उतरते असं सांगत असतील तर त्यांच्या नादी लागू नकोस. आपल्या घरात पित्तावर कोकम पितात, तेवढं म्हण. रोग बरा होतो असा दावा खाण्याच्या वस्तूवर करता येत नाही, आणि खोटं बोलून चढवलेला आवाज दुसऱ्या प्रश्नाला फाटतो.

स्वभाव बदलतो का, हे विचारलंस. माझा नाही बदलला. आजही नव्या माणसाला फोन लावताना मी ओट्यावर दोन फेऱ्या मारते. मग लावते.

प्रश्न : माझी देवगडला हापूसची दीडशे कलमं आहेत. दोन वर्षं दलालाकडे न देता थेट पुण्याच्या गिऱ्हाईकांना पेट्या पाठवल्या. गेल्या हंगामात तिघांच्या पेटीत साका निघाला. एकाने फोनवर फार वाईट शब्द वापरले. आता हंगाम तोंडावर आलाय आणि मला कुणालाच फोन करायची हिंमत होत नाही. पुन्हा दलालाकडे जावं का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : दलालाकडे जायचं की नाही हा हिशेबाचा प्रश्न आहे, तो हिशेबाने सोडवा. भीतीने जाऊ नका.

तुम्हाला माहीत आहे ते पुण्याच्या माणसाला माहीत नाही, गोंधळ तिथे आहे. साका बाहेरून दिसत नाही. फळ देखणं, वास घमघमीत, आणि कापलं की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. त्याला वाटतं तुम्ही जाणूनबुजून घातलं. तेव्हा हे पेटी पाठवायच्या आधी तुम्ही सांगायला हवं, त्याने कापल्यावर नव्हे. “हापूसमध्ये साका निघू शकतो, तो मला कापल्याशिवाय दिसत नाही. निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त भरतो.” हे वाक्य पहिल्याच फोनमध्ये बोला. आपल्या मालातलं उणं आपण आधी सांगितलं की गिऱ्हाईक पळून जाईल असं वाटतं. मला तसा अनुभव नाही. उलट पुढचं सगळं बोलणं तो विश्वासाने ऐकतो.

अर्थात तुमच्या बाजूने करायचं ते केलेलं असलं पाहिजे. चौदा आणे तयार फळ काढलं, झाडावर जास्त पिकू दिलं नाही, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवलं, काढलेलं फळ कातळाच्या धगीवर पडू दिलं नाही, झाडाखाली पाचोळ्याचं आच्छादन ठेवलं. हे केलं असेल तर फोनवर सांगाही. कार्बाइड वापरत नाही हेही सांगा, त्याला कायद्यानेच बंदी आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तसं म्हणा. दुसऱ्याचा आंबा कुठला आहे यावर मात्र बोलू नका, त्यात आपलाच वेळ जातो.

आता ते तिघे. हंगामाचे पहिले तीन फोन त्यांनाच करायचे, आणि वाईट शब्द बोलला त्याला सगळ्यात आधी. हे मी का सांगते ते ऐका. २००४ च्या पावसाळ्यात मी मुंबईच्या एका दुकानदाराला फणसपोळी दिली होती. पोळी पुरती वाळली नव्हती, हे मला देतानाच माहीत होतं. पाऊस लवकर आला, ऑर्डर चुकवायची नव्हती, म्हणून मी डोळेझाक केली. पंधरा दिवसांत बुरशी आली. त्यांचा फोन आला तेव्हा मी घरातल्यांना “नाही म्हणून सांगा” असं खुणेने सांगितलं. वर्षभर त्या रस्त्याने गेले नाही. मग एका लग्नात ते समोरच आले. पैसे मागतील म्हणून मी पर्सला हात घातला, तर ते म्हणाले, “अहो, मी दोन महिने तुमची वाट बघितली, मग दुसरीकडून घ्यायला लागलो.” खराब पोळी त्यांनी केव्हाच फेकून दिली होती. गिऱ्हाईक गेलं ते मी लपले म्हणून.

तेव्हा त्या माणसाला फोन लावा आणि सांगा, “गेल्या वर्षी तुमच्या पेटीत साका निघाला होता. त्याची भरपाई राहिली आहे. या वर्षीची पेटी तुमची घेण्याची इच्छा असो वा नसो, तेवढी फळं मी पाठवतो.” तो पुन्हा ओरडला तर ओरडू द्या, मध्ये बोलू नका. तो घेणार नाही असंही होईल. पण चौथा फोन करताना तुमचा हात थरथरणार नाही, कारण सगळ्यात अवघड फोन मागे पडलेला असेल.

आणखी एक फोन माझ्या मते सगळ्यात मोलाचा. पेटी पोचल्यावर चौथ्या दिवशी. “आंबे पेंढ्यात पसरून ठेवलेत ना? फ्रिजमध्ये नका ठेवू. रंग धरला का?” आंबा विकून झाल्यावर विचारपूस करणारा बागायतदार पुण्याच्या माणसाला सहसा भेटत नाही. दुसरी पेटी तोच आपणहून मागतो.

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या तीन खोल्या आहेत. चौकशीचे मेसेज पुष्कळ येतात. दर सांगितला की समोरून गप्प, नाहीतर “बघतो, कळवतो”. पुन्हा विचारलं तर मागे लागल्यासारखं वाटतं. काय करावं?
— एक जोडपं, ता. गुहागर

उत्तर : तुम्ही दर फार लवकर सांगता. त्याआधी विचारा : किती माणसं, बरोबर वयस्क कुणी आहे का, पायऱ्या चढतील का, मासे की शाकाहारी? मग दर सांगा, आणि त्यात नाश्ता, जेवण, गरम पाणी, काय काय आलं ते त्याच मेसेजमध्ये लिहा. आकडा एकटा पाठवला की माणूस तो आकडा घेऊन दुसऱ्या दारात जातो.

“बघतो, कळवतो” आलं की दुसऱ्या दिवशी एकदाच लिहा, “मंगळवारी संध्याकाळपर्यंत खोली तुमच्या नावाने धरून ठेवते, नंतर दुसऱ्यांना देईन.” याला मागे लागणं म्हणत नाहीत. त्यांनाही घरात ठरवायला एक तारीख मिळते. मंगळवारी उत्तर नाही आलं तर खरोखर दुसऱ्यांना द्या.

फोटोंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रासोबत पाठवलेत म्हणून सांगते. चारही समुद्राचे आहेत. समुद्र गुहागरच्या सगळ्यांचाच आहे. तुमच्या न्हाणीघराचा एक फोटो काढा, दिवसाउजेडी, दार पूर्ण उघडून. मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन येणारी बाई पहिल्यांदा तोच शोधते.